वेष्टनांतील अन्न आणि अल्पकर्बोदक आहार



नाशिक शहराचें नांव द्राक्षांमुळें आणि चिवड्यामुळें जसें झालें, तसेंच तें भगरीच्या गिरण्यांमुळेंही झालें आहे. बेदाणे, चिवडा आणि भगर हे तिन्ही जिन्नस आतां सुबक वेष्टनांतून विकले जातात. त्यांच्या शेजारीं फळीवर नागलीचीं बिस्किटें, मधुमेह्यांसाठीं म्हणून निराळें पीठ, ‘शुगर फ्री’ मिठाई अशी रांग लागलेली असते. ज्याला डॉक्टरांनीं भात, पोळी व साखर कमी करावयास सांगितलें आहे, त्यानें या फळीवरून काय घ्यावें आणि काय परत ठेवावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय किरकोळ नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनें देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लक्ष ठरविली. कर्बोदकें, म्हणजे अन्नांतील पिठूळ व गोड अंश, कमी करण्याचा मार्गही जुनाच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थानें पाव, साखर, बटाटे वर्ज्य करून आपला स्थूलपणा घालविला, आणि ती हकीकत १८६३ सालीं पुस्तिकारूपानें छापली. त्याला वेष्टनावरील मजकूर वाचावा लागला नाहीं. आपणांस मात्र तो वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं.

वेष्टनाची पुढची बाजू विक्रेत्याची असते, मागची कायद्याची. पुढें विशेषणें असतात, मागें आकडे. २०२० च्या नियमांप्रमाणें घटकद्रव्यें वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहावीं लागतात, आणि पोषणाच्या तक्त्यांत कर्बोदकें, एकूण साखर व वरून घातलेली साखर यांचे आकडे द्यावे लागतात. तेव्हां प्रथम यादींतील पहिलीं तीन नांवें वाचावीं. नांव नागलीचें, पण यादींत मैदा पहिला, साखर दुसरी आणि नागली चौथी असेल, तर तें बिस्किट मैद्याचेंच समजावें.

दुसरी गोष्ट, साखर नाहीं म्हणजे कर्बोदकें नाहींत असें नव्हे. १०० ग्रॅम पदार्थांत अर्ध्या ग्रॅमपेक्षां अधिक साखर नसेल, तर ‘शुगर फ्री’ म्हणतां येतें. परंतु त्यांतील मैद्याची पोटांत गेल्यावर शर्कराच होते. म्हणून साखरेच्या ओळीवर न थांबतां ‘कार्बोहायड्रेट’ ही ओळ पाहावी. फळरसाचेंही तसेंच आहे. डबाबंद फळरसावरील ‘शंभर टक्के’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणास २०२४ सालीं द्यावा लागला.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. समजा, बिस्किटांच्या पुड्यावर ३० ग्रॅमच्या एका वाट्यास २१ ग्रॅम कर्बोदकें लिहिलीं आहेत. एका मध्यम फुलक्यांत तीं सुमारें १५ ग्रॅम असतात. पुडा १२० ग्रॅमचा असेल, तर त्यांत चार वाटे, म्हणजे ८४ ग्रॅम कर्बोदकें झालीं. दिवसास १३० ग्रॅमहून कमी, ही अल्पकर्बोदक आहाराची एक रूढ मर्यादा आहे. तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग चहाबरोबरच संपला!

आतां आपल्याकडील जिन्नस पाहूं. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत १७-१८ ग्रॅम कर्बोदकें असतात. तींच वाळून बेदाणे झाले कीं आंकडा ७५ च्या पुढें जातो, कारण पाणी उडतें, साखर राहते. चिवड्याचे पोहे म्हणजे तांदूळच. उपवासाची भगर कोरडी असतां ६५ ते ७० च्या घरांत, आणि साबुदाणा ८५ च्याही वर. नागली कॅल्शियमनें समृद्ध व तंतुयुक्त खरी, पण तिचीही कर्बोदकें सत्तरीच्या आसपासच. ती चांगलें धान्य आहे. मोजमापांतून तिला सूट नाहीं. उलट शेंगदाण्यांत हा आंकडा फार तर २५ च्या आसपास, आणि साध्या पनीरांत त्याहूनही पुष्कळ कमी असतो. मात्र खारे दाणे घेतांना मिठाची, म्हणजे ‘सोडियम’ची ओळ वाचण्यास विसरूं नये.

शेवटीं एक इशारा. जे इन्शुलिन टोंचून घेतात किंवा रक्तांतील साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं कर्बोदकें एकाएकीं तोडूं नयेत. औषधाची मात्रा पूर्वीचीच राहिली आणि अन्न मात्र घटलें, तर साखर धोक्याच्या पातळीखालीं जाते. घाम, कंप, ग्लानि येऊन प्रसंगीं शुद्धही हरपते. आहार व औषध यांचा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानें बरोबरच झाला पाहिजे.

दुकानांत पुडा हातीं आला कीं तो उलटा करावा, आणि मगच पिशवींत टाकावा. घरांतील मुलांनीं ही वाचनाची संवय लावून घेतली, तर बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजी-आजोबांचें मोठेंच काम होईल.