माया कुठं थांबते?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं, म्हणून गिरणीपासूनच सुरुवात करतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? तर कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. मालक एक, भूक एक, लढा एक. पण कामगाराची माया त्या धोट्यापाशी थांबली.

बंधूंनो, माया घरापासून सुरू होते, यात पाप नाही. पोटच्या पोराला ठेच लागली तर जीव कळवळतो. दूर कुठं शंभर माणसं मेली तर आपण पेपरचं पान उलटतो. पण ही माया जिथं थांबते, नेमकी तिथंच काही राजकारणी भिंत बांधतात. ‘आतले ते आपले, बाहेरचे परके, तुमच्या दुःखाला हे परकेच जबाबदार,’ असं सांगतात आणि त्यालाच राष्ट्रप्रेम म्हणतात.

हे फक्त दुसरेच करतात, असं समजू नका. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्याच साली श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा, असा कायदा झाला. तमिळ माणूस आपल्याच देशात परका ठरला. १९८३ च्या जुलैत तिथं तमिळांची कत्तल झाली. म्यानमारमध्ये २०१७ साली लष्कराच्या अत्याचारामुळं सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. दोन्हीकडे बौद्धच बहुसंख्य. द्वेष पसरवणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. करणीयमेत्त सुत्त तिथंही म्हणतात! म्हणजे मैत्री नुसती म्हणून भागत नाही, करावी लागते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? जाती राष्ट्रविरोधी आहेत. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरची राहील. पण त्यांनी सगळं लोकांच्या दयेवर सोडलं नाही. हक्क संविधानात लिहिले. दया आज असते, उद्या आटते. कायद्याने पाठीशी उभं राहिलं पाहिजे. म्हणून संविधान जपणं हेही धम्माचंच काम आहे.

शेवटी एकच विचारतो. खोली भाड्याने मागताना आपल्या बापजाद्यांना आडनाव विचारलं जायचं, आणि दार लागायचं. आज आपल्या गल्लीत कोणी परमुलखातला, परधर्माचा माणूस खोली मागायला आला, तर आपण आधी काय विचारतो? घरी जाऊन उत्तर द्या, स्वतःला द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!