बहिणीची सही



सकाळच्या कविसंमेलनात माहेरावरच्या पुष्कळ कविता झाल्या. सभागृहानं भरभरून दाद दिली. मी टाळी वाजवली नाही. का, ते सांगायलाच उभी आहे.

जात्यावरच्या ओवीपासून दिवाळी अंकातल्या कथेपर्यंत आपल्याकडे भाऊ न्यायला येतो आणि बहीण वाटेकडे डोळे लावून बसते. पण बाप गेल्यावर त्याच भावानं पुढे केलेलं हक्कसोडपत्र आपल्या किती कथांत आलं? मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारा, हा कागद घरोघरी झालेला आहे. आपण लेखक त्याच घरांतून आलो. आपल्याला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. आपण तो जाणूनबुजून वगळला, हा माझा आरोप आहे.

हे होतं कसं? बापाचं तेरावं झालं की वारसनोंद होते आणि सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं चढतात. मग माहेरचा फोन येतो, जेवण होतं, साडीचोळी होते आणि गाडी करून बहिणींना तालुक्याला नेलं जातं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा उमटतो. कागदावर लिहिलेलं असतं की तिनं स्वखुशीनं, कसलाही मोबदला न घेता हक्क सोडला. संध्याकाळच्या एसटीनं ती सासरी परतते.

ही स्वखुशी नव्हे. सही केली नाही तर भाऊबीज संपेल, लेकीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, हे तिला न सांगता कळतं. नवऱ्यानं टाकलं, मारून हाकललं, तर टेकायला एक उंबरा असावा एवढ्यासाठी ती सही करते. आणि तशी वेळ खरोखर आली की त्याच घरात तिला भावजयीच्या मर्जीवर दिवस काढावे लागतात. ती भावजयसुद्धा आपल्या माहेरी अशीच सही करून आलेली असते. दोघीही बिनजमिनीच्या. आणि आपल्या कथांत भांडण दिसतं ते या दोघींचं!

समोरच्या रांगेतून नेहमी येणारी उत्तरं मला पाठ आहेत. 'तिच्या लग्नात खर्च केला.' हुंड्याला 1961 पासून कायद्यानं बंदी आहे. तरी दिलात, तो सासऱ्याच्या हातात गेला. तिच्या नावावर त्यातलं काय आलं? आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोणी वजा केला? 'जमिनीचे तुकडे होतात.' दोन एकरांत चार भाऊ वाटण्या करतात तेव्हा ही काळजी कुठे असते? महामार्गात जमीन गेली आणि मोबदल्याचे आकडे लागले की मात्र जावयालाही बायकोचा हक्क आठवतो. तिथंही पैसा तिच्या हाती राहीलच असं नाही.

कायदा नाही असं नाही. मुलींना वारसाहक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्रानं 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, 2005 साली देशानं दिला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क तिला जन्मानंच मिळतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. म्हणजे मनात आणलं तर शेतकरी करतो. मग भाषणांत लाडकी म्हणून बहिणींचा उद्धार करणाऱ्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना मी विचारते, तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे का?

आणि लेखकांनो, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना भर चौकात जाब विचारला. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेलं. 1975 साली ते पुन्हा छापलं गेलं तेव्हा मराठी वाचकाला ताराबाई कळल्या. चांगल्या घरातलं वाईट लिहायचं नाही, ही आपली जुनी सवय आहे. ती आता मोडा. माहेराचा जिव्हाळा खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण बहिणीचा वाटा घेऊन तिला वर्षाला एक साडी देणाऱ्या घराला मायेचं घर म्हणून कथेत रंगवणं, याला मी लबाडी म्हणते.

म्हणून या अध्यक्षपदावरून एक ठराव मांडते. हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी दुय्यम निबंधकानं भावांना बाहेर बसवून त्या बाईशी एकटीशी बोलावं, तिच्या वाट्याची बाजारभावानं किंमत तिला तोंडी सांगावी आणि विचार करायला तिला तीस दिवस द्यावेत, अशी मागणी हे संमेलन शासनाकडे करत आहे. अनुमोदन मंचावरच्या पुरुष साहित्यिकांकडून यावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथं माइकवर येऊन, आपल्या बहिणींच्या समोर, तो बोलून दाखवावा.