पेवातील हवा



साठवणीचे शास्त्र सातारा-सांगलीकडील मुलांना परके नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांकरिता प्रसिद्ध आहे. अरुंद तोंडाचे व मोठ्या पोटाचे असे हे जमिनीतील कोठार होय. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. तथापि त्यांमागील तत्त्व आजही शिकविण्याजोगे आहे.

पेवाचे तोंड बंद झाले, की आतील किडे, बुरशी व धान्य असल्यास त्याचे दाणेही श्वसन करीत राहतात. प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो व अखेर कीड मरते. परंतु ज्या हवेत किडा जगत नाही, तीत माणूसही जगत नाही.

मोड आलेली मटकी बरणीत घट्ट झाकून ठेवावी. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी स्वतः तीत पेटती काडी धरावी, ती विझेल. मग मुलांस बजावावे : नुकत्याच उघडलेल्या पेवात कोणीही उतरू नये, गुदमरलेल्यास काढण्यासाठी तर मागोमाग मुळीच उतरू नये. सोडलेला कंदील तेवत राहिला, एवढ्यावरून धोका टळला असेही मानू नये.

माल राखणारे व जीव राखणारे शास्त्र एकच आहे, हे मुलांच्या मनावर ठसावे, ही विनंती.