मातृवंश आणि सातबारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या शिबिरात कार्यकर्त्यांना आजोबांच्या वडिलांचे नाव विचारले, तर बहुतेकांना ते सांगता येते. पुष्कळांना त्यामागचीही एकदोन नावे ठाऊक असतात. त्याच मंडळींना आईच्या आईच्या आईचे नाव विचारले, की सभेत शांतता पसरते. मराठीने आईच्या माहेराला आजोळ म्हटले, आईच्या आजोळाला पणजोळ म्हटले. म्हणजे ही वाट एकेकाळी वापरातली होती. आज पणजोळ हा शब्दही पुष्कळ तरुणांच्या कानावरून गेलेला नसतो.

समाजवाद्यांनी वंशावळीच्या नादी का लागावे, असा आक्षेप यावर येईल आणि तो रास्त आहे. वंशावळ हे जातिव्यवस्थेचे हत्यार आहे. कुळीचा अभिमान, सोयरिकीची बंधने आणि जमिनीवरील मक्तेदारी या तिन्ही गोष्टी तिच्याच आधारे टिकल्या. बापाकडच्या कुळाभिमानाच्या जागी आईकडचा कुळाभिमान बसवायचा असेल, तर हा खटाटोप न केलेला बरा. परंतु नावे का पुसली गेली, हा प्रश्न कुळाचा नसून मालमत्तेचा आहे. आणि तो समाजवाद्यांनी टाळण्याजोगा नाही.

फ्रेडरिक एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांचा संबंध उलगडून दाखविला. आदिम मातृसत्तेविषयीची त्याची मांडणी पुढील मानववंशशास्त्राने जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. तथापि वारसा ज्या वाटेने जातो त्याच वाटेने नोंद जाते, हे त्याचे मर्म महाराष्ट्रातील कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात पडताळून पाहता येते.

या संदर्भात सातवाहनांचा दाखला हटकून दिला जातो. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे आईवरून आहेत. गौतमी बलश्रीचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आजही उभा आहे. अभिमानाने सांगावे असेच हे आहे. मात्र गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, हे सांगायला वक्ते विसरतात. नावात आई आणि वारशात बाप, अशी ही जुनी वाटणी आहे.

आता दप्तराकडे वळू. आईकडचा वंश शोधू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती विवाहाची. महाराष्ट्रातील अनेक समाजांत लग्नात आडनावच नव्हे, मुलीचे नावदेखील बदलण्याची रीत होती. ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले की जुने नाव संपले. जुन्या जन्मनोंदीत पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव आणि त्याला मुलगी झाल्याची नोंद एवढेच आढळते. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, या तीन अक्षरांच्या आड घरातील साऱ्या स्त्रिया लपलेल्या असतात. एखादी विधवा तेवढी 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालक कर्ता, म्हणून दिसते. मुलगा सज्ञान झाला, की तिचेही नाव कमी होते.

मग त्यांची नावे सापडतात कोठे? फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या स्वतंत्र हिश्शाची पहिल्या वर्गाची वारस झाली. त्यामुळे बाप वारल्यावर वारसांची यादी लागते, तीत मुलींची नावे येऊ लागली. क्वचित ती 'इतर हक्क' या रकान्यात टाकली जात. भाऊ कब्जेदार आणि बहीण इतर! त्यानंतर काही काळाने दुसरा फेरफार दिसतो. बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिले, सबब त्यांची नावे कमी केली. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांचे नाव जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा उमटले, ते असे काढून टाकण्यापुरते. मातृवंशाच्या संशोधकाला हाच सर्वांत भरवशाचा पुरावा मिळावा, यातील विपर्यास उघड आहे.

हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला भोळी किंवा अडाणी समजण्याची चूक शहरी सुधारक वारंवार करतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर ती हिशेबीपणानेच वागत असते. नवरा वारला, त्याने टाकले, सासरी छळ झाला किंवा आजारपण आले, तर परत जाण्याचे तिचे एकच ठिकाण म्हणजे माहेर. राज्यसंस्थेने तिला ना पुरेसे निवृत्तिवेतन दिले, ना निवारा. जमिनीतील हिस्सा हा त्या एकमेव विम्याचा हप्ता असतो आणि तो ती एकरकमी भरते. बदल्यात साडीचोळी आणि दिवाळीचे मूळ मिळते. हा विमा ऐन वेळी चालेलच, याची हमी मात्र कोणी देत नाही. भाऊ गेला आणि कारभार भाच्यांच्या हाती आला, की उंबरठा परका होतो. म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बहिणीला उपदेश करून भागणार नाही. भावाला जाब विचारावा लागेल, आणि त्या भावांत पक्षाचे कार्यकर्तेही असतात.

कायदा दरम्यान पुढे गेला आहे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला जन्मतःच सहदायाद मानले. पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपविला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला बाप जिवंत असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. असे असूनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के भरले. शेतकरी संघटनेशी समाजवाद्यांचे मतभेद मूलभूत होते. तरी १९९० च्या सुमारास तिने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून देण्यास प्रवृत्त केले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

१९५६ च्या कायद्यातील कलम १५ ची चर्चा मात्र अजूनही फारशी होत नाही. मृत्युपत्र न करता स्त्री वारली आणि तिला मुले, नातवंडे वा पती नसेल, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिची आई त्यांच्यामागून. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांत पती गेलेली आणि सासरहून घालवून दिलेली स्त्री होती. माहेरी शिकून, नोकरी करून तिने जे साठविले, ते पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाले. न्यायालयाने कायदा आहे तसा लावला. पुरुषाच्या बाबतीत त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते, हे येथे लक्षात घ्यावे.

घरातील स्त्रियांचा गौरव करावा, याविषयी कोणाचेच दुमत नसते. भाद्रपदात अविधवा नवमी पाळली जाते. पण तो मान नवऱ्याआधी मरण पावलेल्या स्त्रीचा. मागे राहून पोरे वाढविणाऱ्या विधवेचा त्यात समावेश नाही. समाजवादी घरांत ज्या मातेचे नाव सर्वाधिक आदराने घेतले जाते, तीही श्यामची आई म्हणूनच ओळखली जाते. अर्थात त्याच साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचे मोठे संकलन केले, हे विसरता येत नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. दप्तराने जे टिपले नाही, त्यातले पुष्कळ तेथे जात्यावर सांगितलेले आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. सातवाहनांची आठवण मात्र त्या वेळीही ठेवावी.

तालुक्यातील कार्यकर्त्यांना पुढील सहा महिन्यांत करण्याजोगे काम यातून निघते. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या स्त्रियांना लग्नाआधीचे नाव, आईचे नाव, आजोळचे गाव आणि कोणत्या कामावर मजुरी केली, हे विचारून वहीत उतरवावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून सांगायला आहेत. त्याच वहीत समोरच्या पानावर त्या घरातील वारसनोंदीचा फेरफार क्रमांक लिहावा आणि कोणत्या साली कोणाचे नाव कमी झाले, ते नोंदवावे. सुरुवात प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या घरच्या फेरफारापासून करावी. त्याची नक्कल तलाठी कार्यालयात अर्ज केल्यास मिळते.