नेम आणि यंत्र

छत्रपति संभाजीनगराहून वेरूळच्या रस्त्यानें सुमारें 15 किलोमीटर गेलें कीं देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, किल्ला लागतो. तेथें चिनी महालाजवळ एका वाटोळ्या बुरुजावर एक प्रचंड तोफ आहे. तिच्या मागच्या टोकास मेंढ्याचें मस्तक घडविलेलें असल्यामुळें लोक तिला ‘मेंढा तोफ’ म्हणतात. तिच्यावरील फार्सी लेखांत मात्र तिचें नांव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असें आहे. प्रेक्षक तिची लांबी पाहून थक्क होतात. पण खरें पाहण्यासारखें आहे तें तिच्या पोटाखालीं. ती एका खुंट्यावर बसविलेली असून तिचें तोंड डावी-उजवीकडे फिरवितां येतें. एवढें वजन फिरविण्याची सोय करणाऱ्या कारागिरानें गोलंदाजाचें अर्धें काम हलकें केलें. गोळा कोठें पडेल हा अंदाज त्यानें गोलंदाजाच्या डोळ्यांवरच सोडला. तें उरलेलें अर्धें काम आतां यंत्राकडे जाऊं लागलें आहे.

गोळी सरळ रेषेंत जाते असा पुष्कळांचा समज असतो. नळींतून सुटल्या क्षणापासून ती इतर कोणत्याहि जड पदार्थाप्रमाणें खालीं पडूं लागते. ती अर्धा सेकंद हवेंत राहिली, तर तेवढ्यांत सुमारें 1.2 मीटर खालीं येते. पूर्ण एक सेकंद राहिली, तर जवळजवळ 5 मीटर. वाऱ्यानें ती बाजूस ढकलली जाते तें निराळेंच. म्हणून जुन्या नेमबाजास तीन गोष्टींची पारख करावी लागे: अंतर, वारा आणि स्वतःचा श्वास. नळीच्या टोकावरील माशी, डोळ्याजवळची खांच आणि लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आणावयाचीं. पण मानवी डोळा तीन अंतरांवरील वस्तु एकदम स्पष्ट पाहूं शकत नाहीं. चांगले शिक्षक म्हणूनच सांगतात कीं माशी स्पष्ट दिसूं द्यावी आणि लक्ष्य पुसट राहूं द्यावें. ज्याला मारावयाचें तेंच धूसर ठेवावयाचें, ही गोष्ट नवशिक्यास मोठी विचित्र वाटते.

2013 सालीं अमेरिकेंत, टेक्सास प्रांतांत, ट्रॅकिंगपॉइंट नांवाच्या कंपनीनें एक बंदूक विक्रीस आणली. तिच्या दुर्बिणींत लहानसा संगणक होता. शिकाऱ्यानें बटण दाबून लक्ष्यावर खूण करावयाची. लेसर किरण अंतर मोजणार, यंत्र हवेचा दाब, तपमान आणि नळीचा कल पाहून गणित मांडणार. पुढें चाप ओढून धरला, तरी नळी आणि खूण यांचा मेळ बसेपर्यंत बार उडत नसे. हात कांपला तरी बिघडत नाहीं, असा हा बेत. एका गोष्टीपुढें मात्र यंत्रानें हात टेकले होते. वाऱ्याचा वेग शिकाऱ्यालाच सांगावा लागे. कारण वारा बंदुकीपाशीं एक असतो, मधल्या ओढ्यावर दुसरा आणि पलीकडच्या टेकडीपाशीं तिसरा. तो गवताच्या झुकण्यावरून आणि उन्हांत थरथरणाऱ्या हवेवरून वाचावा लागतो. तें वाचन शेतकऱ्याच्या पोराला लौकर साधतें.

क्रीडेच्या क्षेत्रांत या प्रश्नाचा निकाल नियमांनींच लावून ठेविला आहे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेंत दुर्बिणीस मज्जाव आहे. बारीक छिद्रांतून पाहून नळीच्या टोकावरील कड्यांत लक्ष्याचा काळा गोल मधोमध बसवावयाचा, एवढेंच साधन. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनें याच साधनानें 1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें 50 मीटर रायफल, तीन आसनें, या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभें राहून झाडलेल्या 44 गोळ्यांत त्याचे गुण झाले 451.4. म्हणजे दर गोळीस सरासरी दहाहून अधिक. आणि दहाचें वर्तुळ केवढें, तर 10.4 मिलिमीटर व्यासाचें, मोठ्या काबुली हरभऱ्याएवढें. तेंहि पन्नास मीटरांवरून! खाशाबा जाधवांनीं 1952 सालीं हेलसिंकीस कुस्तींत पदक जिंकल्यानंतर महाराष्ट्राच्या वांट्यास आलेलें हें दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळीं स्वप्निल मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस होता. याच स्पर्धेंत गोळी कोठें लागली हें दशांशापर्यंत सांगणारें लक्ष्य मात्र संपूर्ण विजेचें असतें. यंत्रास न्यायाधीश करावयास क्रीडाधुरीणांची हरकत नाहीं, खेळाडू करावयास आहे. आणि ही वांटणी शहाणपणाची म्हटली पाहिजे.

रणांगणावर असा संकोच कोण बाळगणार? भिरभिरत येणारें लहान ड्रोन साध्या बंदुकीनें टिपणें उत्तम नेमबाजासहि अवघड जातें, म्हणून 2020 सालीं भारतीय नौदलानें ‘स्मॅश 2000’ हीं इस्रायली संगणकी दर्शकें घेण्याचें ठरविलें. तेथें यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. 2022 सालीं अमेरिकी सैन्यानें आपल्या नव्या बंदुकीसाठीं अंतर मोजणारें व गणित करणारें दर्शक निवडलें. त्यांतहि कांचेवर कोरलेल्या रेषा ठेविल्या आहेत. विजेचा पुरवठा संपला तर शिपायानें त्या रेषांवरून नेम धरावा, अशी ती योजना. यंत्र करणाऱ्यांनाच यंत्राचा पुरता भरंवसा नाहीं, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणास शोभतेच. परंतु ज्या शिपायास उघड्या दर्शकावर नेम धरण्याचा सराव कधीं दिलाच नाहीं, त्याला ऐन वेळीं त्या रेषा काय सांगणार?

याहून गंभीर प्रश्न बार कोणी उडविला हा आहे. नेम चुकला तर जुना नेमबाज आपला दोष जाणत असे. यंत्रानें क्षण निवडला, तर चुकलेल्या गोळीचा धनी कोण? 2015 सालीं रूना सँडविक आणि मायकेल ऑगर या दोघां संशोधकांनीं त्या टेक्सासच्या बंदुकीची कसून परीक्षा केली. बिनतारी जोडणींतून त्यांनीं तिच्या संगणकांत शिरकाव करून घेतला आणि गोळीच्या वजनाचा आंकडा बदलून टाकला. बंदूक धरणाऱ्यास कांहींच कळलें नाहीं. त्यानें नीट खूण केली, चाप ओढला, आणि गोळी शेजारच्या लक्ष्यावर जाऊन आदळली. बंदूक मुकी करून ठेवणेंहि त्यांना साधलें. एक मात्र त्यांना करतां आलें नाहीं: दुरून बार उडविणें. कारण तो चाप माणसाच्या बोटानेंच ओढावा लागे.