सण सजवू घरच्या हातांनी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मला तुमच्याशी एका साध्या विषयावर बोलावयाचे आहे. सणाला घर कसे सजवावे, आणि तेही घरातल्याच वस्तूंनी! विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. ईद जवळ आली की मुले बाजारातील चमचमत्या माळांकडे बोट दाखवतात. ज्या घरी कपडे आणि शिरखुर्म्याच्या सामानाचीच ओढाताण आहे, त्या घरचे मूल शेजारच्या दारावरील रोषणाई पाहून गप्प बसते. सणाच्या दिवशी कोणत्याही मुलाला आपण कमी आहोत असे वाटू नये, एवढ्यासाठी हे बोलणे आहे.

सामान काय लागते? पतंगाचा कागद, जुन्या लग्नपत्रिका, वहीचे पुठ्ठे, सुतळी, शिवणकामातल्या चिंध्या. एक काळजी मात्र घ्या. ज्या कागदावर आयत किंवा अल्लाहचे नाव असेल, तो कात्रीखाली आणू नका. तो आधीच अदबीने वेगळा काढून ठेवा.

चिकटवण्यास खळ घरीच करा. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा. मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. खळ दाटसर होऊन तिला तकाकी आली की उतरवा. ती लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. किडीसाठी मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण तो विषारी आहे. मुलांच्या हाती ती खळ देऊ नका.

आता चाँद-तारा. वाटी पुठ्ठ्यावर ठेवून गोल काढा. वाटी थोडी सरकवून पुन्हा गोल काढा. बाजूला उरते ती चंद्रकोर. ताऱ्यासाठी सारख्या मापाचे दोन चौकोन घ्या. प्रत्येकाला मधोमध आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घड्या घाला. एकाची मधली घडी दुसऱ्याच्या तिरप्या घडीवर येईल असे ठेवून चिकटवा, की आठ टोकांचा तारा तयार! दुसरा चौकोन पहिल्यावर ४५ अंशांनी फिरला, एवढेच त्यातले गणित. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा पाहिलात तर कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा दिसेल. आपल्या कारागिरांना भूमिती अशी हातात होती. मुलाच्या हातात कात्री आणि पट्टी द्या, भूमितीची भीती जाते.

रमजानसाठी जुन्या पाकिटांचे ३० कप्पे एका कापडावर शिवा. रोज एका कप्प्यातून एक चिठ्ठी निघावी: “आज आजीचे पाय चेप”, “आज शेजारी इफ्तारी नेऊन दे.” महिना २९ दिवसांचा झाला, तर उरलेली चिठ्ठी ईदच्या दिवशी वाचा.

आपले वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणून ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरते. सन २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. तेव्हा सजावट ऋतू पाहून करा. कोरड्या दिवसांत कागदाच्या पताका चालतील. पावसाळ्यात चिंध्यांच्या शिवा, त्या धुऊन पुन्हा वापरता येतात.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला हीच कला शाळेत न्या. अशोकचक्रास आरे २४. गोल कागद तीनदा अर्धा दुमडला की आठ भाग होतात. त्या घडीचे पुन्हा तीन सारखे भाग केले की २४. ध्वज प्लॅस्टिकचा नको, आणि कागदी ध्वज समारंभानंतर जमिनीवर पडू देऊ नका. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्र शासनाने २०१८ सालीच बंदी घातली आहे. कागदी कंदिलात मेणबत्ती लावू नका, लहानसा एलईडी दिवा पुरतो.

मातांना एक विनंती. हे काम केवळ मुलींचे समजू नका. मुलगाही खळ शिजवील, मुलगीही शिडी धरून माळ बांधील. आणि वडिलांनो, त्या संध्याकाळी तुम्हीही अर्धा तास जमिनीवर मांडी घालून बसा. वाकडी कापलेली चंद्रकोरसुद्धा दारावर लावा; मूल पुढच्या वर्षी ती सरळ कापील.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दोन माळा करा. एक आपल्या दारासाठी, आणि दुसरी ज्या घरी करावयास कोणी नाही त्या घरासाठी. ती देताना उपकाराची भाषा नको, “ईद मुबारक” एवढेच पुरे.

खुदा हाफिज.