काम चालू, रस्ताही चालू



'काम चालू, रस्ता बंद' ही पाटी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पाटीने रस्ता बंद होत नसतो. वावरात निघालेली बैलगाडी, शाळेची मुले, बाजाराला जाणारी बाई, दवाखान्याकडे धावणारी गाडी, यांपैकी कोणालाच काम संपेपर्यंत थांबता येत नाही. काम चालू असते आणि रस्ताही चालूच असतो. या दोहोंची टक्कर होऊ न देणे हा कंत्राटदाराचा उपकार नव्हे. तो बांधकामाचाच एक भाग आहे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्याने अलीकडे पुष्कळ कामे पाहिली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आणि 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला. सेलू-केळझरवरून नागपूरकडे जाणारा रस्ता चौपदरी झाला. नांदेडच्या नव्या लोहमार्गावर फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. ही कामे व्हावयास हवीच होती. पण ज्या वाटसरूसाठी ती झाली, तो काम चालू असताना जिवंत राहिला पाहिजे, हेही तितकेच खरे.

आता थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले, तरी चाळीसेक मीटर वाट सरली. म्हणून या वेगाला सुरक्षित थांबण्याचे अंतर 80 मीटर मानतात. ताशी 100 ला ते 180 मीटर होते. मग खड्ड्याच्या काठावर लाल फडके बांधून काय उपयोग? ते दिसते तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली आहेत. त्यांत कामाच्या जागेचे चार पट्टे पाडले आहेत: आगाऊ सूचनेचा, वाहनांना हळूहळू वळविण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि वाहने पुन्हा मूळ वाटेला लावण्याचा. म्हणजे कामाची जबाबदारी खड्ड्यापासून नव्हे, खड्ड्याच्या पुष्कळ अलीकडून सुरू होते. रात्री उजेडात चमकणारे फलक, मजबूत कठडे आणि झेंडीवाला माणूस ही त्याची साधने. त्यात पायी चालणाऱ्याला वेगळी वाट हवी. 1951 साली विनोबा पवनारहून दिल्लीला पायी निघाले. त्या जिल्ह्यात तरी पादचाऱ्याला दुय्यम समजू नये.

बांधण्याहून पाडणे अधिक अवघड. पुण्याच्या चांदणी चौकातील पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री सुमारे 600 किलो स्फोटकांनी पाडला. आधी महामार्गाची वाहतूक थांबवली, लोक दूर नेले. स्फोटाने पूल पुरता कोसळला नाही. लोखंडाने तग धरला आणि उरलेला भाग यंत्रांनी काढावा लागला. म्हणजे अंदाज थोडा चुकला. पण कोणाच्या जिवावर बेतले नाही, कारण तिथे माणूसच नव्हता. खरी व्यवस्था ती, जी आपला हिशेब चुकला तरी माणसाला वाचवते.

याउलट आपल्या गल्लीत जुने घर पाडताना काय दिसते? भिंत रस्त्यावरच ढकलतात, मलबा नालीत जातो, रेती-गिट्टीचा ढीग महिनाभर वाटेत पडून राहतो. मलब्याने वाहतुकीला अडथळा होता कामा नये, असे केंद्र शासनाच्या 2016 च्या नियमांनी बजावले होते. तो ढीग ठेकेदाराचा नसतो, आपलाच असतो!

मजुरालाही विसरून चालणार नाही. 20 ऑगस्ट 2021 रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीच्या कामावर लोखंड आणि मजूर एकत्र नेणारा टिप्पर उलटला आणि 13 मजूर दगावले. माल आणि माणूस एका गाडीत बसवणे ही काटकसर नव्हे.

कायदा आता गप्प नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. रस्त्याच्या बांधकामात वा देखभालीत सुरक्षिततेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड मागाहून येतो, कठडा आधी लागतो. निविदेत दिवे, फलक आणि झेंडीवाला यांची रक्कम वेगळी दाखवली नाही, तर पहिली कात्री त्यांनाच लागते.

म्हणून नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला आणि स्वतःलाही प्रत्येक कामापूर्वी आपण तीन प्रश्न विचारू या. सूचना किती मीटर आधी मिळेल? पायी चालणारा कोठून जाईल? रात्री दिवा कोण लावील? उत्तरे मिळेपर्यंत कुदळ पडू देऊ नये. रस्ता चार दिवस उशिरा झाला तरी चालेल. घरी निघालेला माणूस मात्र घरी पोचलाच पाहिजे.